सगळ्या म्हणजे सगळ्या

ताईला ऑफिसात ताई म्हणायला सुरुवात केली ती तिच्या सख्ख्या भावानं. त्याआधी ती तोंडावर 'मॅडम' होती आणि माघारी 'हेडबाई'. धाकटा नोकरीला लागला त्या पहिल्याच सकाळी भर कंट्रोल रूममध्ये ओरडला, "ताई, माझा डबा तुझ्या पिशवीत राहिला!" बारा जण हेडफोन लावून बसले होते, ते बाराही हसले. तेव्हापासून साहेबसुद्धा तिला ताई म्हणू लागले. ती वरवर रागावली, पण त्या दिवशी दोघांनी डबा एकत्र खाल्ला आणि पुढे नऊ वर्षं एकत्रच खाल्ला.

शहरभरच्या अँब्युलन्स या कंट्रोल रूममधून सुटत. ताई मात्र फोन घेत नसे. तिचं राज्य मागच्या थंडगार खोलीतल्या पाच मशिनांवर. कोणती गाडी कुठं उभी आहे, आज ड्युटीवर कोण आहे, कोणत्या वस्तीचा फोन आला तर तो कोणत्या डेपोत वाजवायचा, ही माहिती त्या पाचांकडे असे आणि बाकीची झाडून सगळी मशिनं त्यांना विचारूनच वागत. माहिती तशी थोडीच, एका जाड वहीत मावेल एवढी. पण ती पाचांकडेही सारखी असायला हवी आणि मागितली की लगेच मिळायला हवी. पाचांतली दोन बंद पडली तरी उरलेल्या तिघांचं एकमत झालं की काम चालू राही. नव्या माणसाला ताई सांगायची, "आपल्याकडे पाच पंच आहेत. तिघं म्हणतील ते खरं. दोघंच उरले तर त्यांनी तोंड मिटून बसायचं."

माहिती लगेच मिळावी म्हणून ती सगळी मशिनाच्या मेमरीत ठेवलेली असे. मेमरी चपळ खरी, पण वीज गेली की पाटी कोरी. म्हणून नियम असा, की कुठलाही बदल आला की तो आधी डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहायचा, एकाखाली एक, क्रमांक घालून. तीन मशिनांनी लिहून झालं की मगच तो मेमरीत घ्यायचा आणि 'झालं' असं सांगायचं. आधी लिही, मग बोल. ताईला हा नियम फार आवडायचा, आणि माणसांना तो लागू नाही याचं तिला वाईट वाटायचं. आता लॉग वाढतच जातो, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर त्यानं पहिल्या दिवसापासूनचा लॉग वाचत बसायचं म्हटलं तर अर्धा दिवस जाईल. म्हणून महिन्यातून एकदा, पाचही मशिनांवर एकाच वेळी, अख्ख्या मेमरीचा एक फोटो काढून डिस्कवर ठेवायचा. त्याला स्नॅपशॉट म्हणतात, पण ताई आणि धाकटा फोटोच म्हणत. मशीन उठलं की आधी फोटो बघतं, मग त्याच्या पुढचा लॉग वाचतं, आणि जसं होतं तसं पुन्हा होतं.

यात एक मेख आहे, आणि ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फोटो काढताना काम थांबवत नाहीत. अँब्युलन्सवाल्यांना 'जरा हलू नका' असं कोण म्हणणार? मेमरी एकेक भाग करत उतरवून घ्यायला मिनिटभर लागतं आणि त्या मिनिटात बदल येतच असतात. उतरवून झालेल्या भागात बदल झाला तर तो फोटोत येत नाही, उतरवायच्या राहिलेल्या भागात झाला तर येतो. म्हणजे फोटोत वरचं जुनं आणि खालचं नवं. फोटोत दिसतं तसं सगळं कधीच, कुठल्याच क्षणी, नसतं. तरी बिघडत नाही, कारण त्या मिनिटातल्या नोंदी लॉगमध्ये असतात आणि त्या पुन्हा वाचल्या की फोटो खरा होतो. फक्त त्या नोंदी असतात मागच्या लॉग फाइलच्या शेवटाला, कारण नवी फाइल फोटो पुरा झाल्यावर सुरू होते. आणि फाइलला नाव पडतं ते तिच्यातल्या पहिल्या नोंदीच्या क्रमांकावरून, त्यामुळे नाव वाचणाऱ्याला ती जुनीपुराणी, टाकाऊ वाटते. म्हणून डिस्कवर जागा करायला जुन्या फाइली काढल्या तरी फोटोच्या लगेच आधीची एक ठेवायची. ऑफिसात त्या फाइलला 'ताईची एक' म्हणत. येईल त्याला ताई हे इतकं बजावायची, की पाण्याचे जार आणून देणाऱ्यालाही ते पाठ झालं असावं.

वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा दहाचा. आईनं शिवणयंत्र धरलं, ताईनं नोकरी धरली, आणि धाकट्यानं ताईचा पदर धरला. तिनं त्याला सायकल शिकवली, गणित शिकवलं, दाढी करताना गालावर ब्लेड कसं धरायचं तेही कुणाचं तरी बघून सांगितलं. तिचं लग्नाचं राहिलं ते राहिलंच. धाकटा तसा हुशार, पण ताई समोर असली की डोकं बाजूला ठेवायचा. आई म्हणायची, "हिनं सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तर हा खाट फिरवून झोपेल." यावर तिघंही हसायची. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं फार नव्हतं.

त्या दिवशी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ताई डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकावर, आईची चप्पल आणि चष्मा मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात मोबाइलवर मशिनांचा निरोप आला: डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली. डिस्क भरली की लॉग लिहिता येत नाही, लॉग लिहिता आला नाही की मशीन 'झालं' म्हणत नाही, आणि मग सगळंच ठप्प. ताईनं ऑफिसात फोन लावला. कंट्रोल रूममध्ये मोबाइल न्यायला बंदी, म्हणून धाकट्यानं तो तिथल्या टेबलावरच्या फोनवर घेतला. मिनिटभर बोलणं झालं. धाकट्यानं फाइली काढल्या, पाचही मशिनांवरच्या सारख्याच, कारण पाचांत डावं-उजवं करायचं नाही हेही ताईनंच शिकवलेलं. डिस्क रिकामी झाली. आईचा डोळा बरा झाला.

मेमरीत सगळं जागच्या जागी होतं आणि पुढचा फोटो काढायला अजून अवकाश होता, त्यामुळे अकरा दिवस कुणाला काही कळलं नाही. बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, इमारतीतल्या वायरी बदलायच्या म्हणून पाचही मशिनं बंद केली आणि अर्ध्या तासानं पुन्हा सुरू केली. त्यांनी फोटो बघितला, पुढचा लॉग वाचला, आणि आम्ही तयार आहोत म्हणून सांगितलं. फोटोच्या त्या एका मिनिटात एकूण सात नोंदी झाल्या होत्या. चार फोटोत आल्या होत्या. तीन आल्या नव्हत्या, त्या 'ताईची एक'मध्ये होत्या, आणि ती फाइल आता नव्हती. त्या तीनपैकी दोन किरकोळ होत्या. तिसरी अशी होती, की खालच्या गल्ल्यांजवळचा डेपो छताच्या दुरुस्तीसाठी बंद आहे, तेव्हा तिथले फोन पुलापलीकडच्या डेपोत वाजवा.

अकरा वाजता खालच्या गल्ल्यांतून एका म्हाताऱ्या शिंप्याच्या बायकोचा फोन आला. नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. मशिनानं तो निरोप कुलूपबंद डेपोत पाठवला आणि तिथला फोन रिकाम्या खोलीत वाजत राहिला. कुणाच्या तरी लक्षात यायला एकोणीस मिनिटं गेली. गाडी पोहोचली तेव्हा शिंपी गेलेला होता.

चौकशीला तीन माणसं बसली: साहेब, बाहेरचा एक तज्ज्ञ आणि एक डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, गाडी वेळेवर गेली असती तरी माणूस वाचला असता असं छातीठोक सांगता येत नाही. त्या वाक्याला पुढे सहा वर्षं ताई धरून राहिली. तज्ज्ञानं मोजकेच प्रश्न विचारले. फाइली कुणी काढल्या ते सगळ्यांना ठाऊकच होतं, धाकट्यानं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. उरला एकच प्रश्न, आणि तो त्यांनी आधी ताईला विचारला. "मागची एक फाइल ठेवायची, हे तुम्ही त्या दिवशी फोनवर यांना सांगितलं होतं?"

"हो," ताई म्हणाली. "मी नेहमीच सांगते."

दुसरं वाक्य सोळा आणे खरं होतं. पहिल्याचं काय? तिच्या डोळ्यांसमोर दवाखान्याचा बाक होता, मांडीवरची चप्पल होती, कानाला फोन होता आणि तोंडात 'मागची एक ठेव' हे शब्द होते. बाक त्या दिवसाचा होता, शब्द दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचे होते, आणि दोन्ही मिळून एक चित्र छान जुळलं होतं. अशी चित्रं कशी तयार होतात हे अख्ख्या शहरात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. शिवाय 'हो' म्हणायच्या आधी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. तिनं ती हाकलून दिली. ती ठरवून खोटं बोलली असं मला म्हणवत नाही. पण ती भ्याली होती, आणि भिऊन तिला सोयीचं तेच तिला आठवलं, एवढं मात्र म्हणायलाच हवं.

मग तज्ज्ञ धाकट्याकडे वळला. धाकटा ताईकडे बघत होता. ताई टेबलावरच्या पेल्याकडे बघत होती.  शेवटी धाकटा म्हणाला, "ताई म्हणते तर सांगितलंच असेल. मी विसरलो असेन."

त्याची नोकरी गेली. महिन्याभरात तो दुसऱ्या शहरात निघून गेला आणि फरशांच्या एका गोदामात माल मोजायच्या कामाला लागला. ताईनं पत्रं लिहिली, फोन केले. तो वाईट बोलायचा नाही, बोलायचाच नाही. "बरा आहे," "हो," "ठेवतो," इतकंच. चार वर्षांनी आई गेली तेव्हा तो आला, शेजाऱ्यांच्या घोळक्यात उभा राहिला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. घरात ताई एकटी उरली. डबा ती अजून दोन पोळ्यांचा जास्तच भरायची आणि संध्याकाळी उरलेला परत आणायची. भाऊ एकदा तरी घरी येऊन जेवावा, एवढंच आता तिला हवं होतं. बाकी सगळ्यावर तिनं पाणी सोडलं होतं.

कंट्रोल रूमच्या टेबलांवरचा प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. चौकशीच्या वेळी त्या रविवारचे फोन ऐकले गेले. अकरा दिवस आधीचा घरगुती वाटणारा फोनही कुठंतरी साठलेला असेल, हे कुणाला सुचलं नाही. ताईला सुचलं नाही की सुचू दिलं नाही, ते तिचं तिला ठाऊक. रेकॉर्डिंग सहा वर्षं ठेवायचं आणि मग काढून टाकायचं, आणि काढायच्या यादीवर सही ताईची. निवृत्तीला आठ महिने उरले असताना अशीच एक यादी तिच्यापुढे आली. त्यात एक तारीख होती, आईच्या डोळ्याची.

तिनं हेडफोन लावला. ते रेकॉर्डिंग सापडायला दुपार गेली.

"ताई, डिस्क भरत आलीय."

"कळलंय मला. फोटोच्या आधीच्या फाइली काढून टाक. पाचही मशिनांवरच्या."

"आधीच्या सगळ्या?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या! एकदा सांगितलेलं कळत नाही का? इथं आईला आत नेतायत."

"बरं ताई. आईला म्हणावं, घाबरू नको."

तिनं ते दोनदा ऐकलं. 'बरं' म्हणायच्या आधी तो चार सेकंद थांबला होता. रेकॉर्डिंगवर सेकंद दिसतात, त्यामुळे अंदाजाला वाव नव्हता. ताई हेडफोन काढून तशीच बसली, आणि मग त्या थंड खोलीत पंख्यांच्या आवाजात मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेब भले माणूस. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आता कोण विचारतंय? यादीत आहे ना ते? आपोआप जाईल."

"आपोआप काही जात नाही, साहेब. बटण मीच दाबते."

"तुमचं पेन्शन, तुमचं नाव..."

"नाव त्याचं गेलंय," ताई म्हणाली, आणि तिनं लिहून आणलेलं निवेदन त्यांच्या टेबलावर ठेवलं.

तीन महिन्यांनी वरून पत्र आलं. आधीचा ठपका रद्द, चूक सूचना देणाऱ्याची, संबंधित कर्मचारी निर्दोष, त्यांची इच्छा असल्यास कामावर परत घेण्यात यावं. ताईला मुदतीआधीच घरी बसवलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. तिनं त्या पत्राची प्रत शिंप्याच्या बायकोलाही पाठवली. ती आता त्या पत्त्यावर राहत नव्हती, पाकीट परत आलं.

मूळ पत्र घेऊन ताई भावाकडे गेली. गोदाम गावाबाहेर, पत्र्याचं, आत फरशांच्या खोक्यांच्या छतापर्यंत थप्प्या. धाकट्याच्या कानाला पेन्सिल होती आणि केस पांढरे झाले होते. तिच्या मनात तो अजून काळ्या केसांचाच होता. त्यानं एक खोकं उपडं करून हातानं झटकलं आणि तिला बसायला दिलं.

"कशी आलीस?"

"बसनं."

"जेवलीस?"

"हो," ती म्हणाली. जेवली नव्हती.

तिनं पत्र पुढे केलं. त्यानं ते उभ्यानंच वाचलं, आधी खालची सही, मग तारीख, मग मजकूर, आणि मजकूर पुन्हा एकदा. ताईनं घाईघाईनं मोबाइल काढला. "त्या दिवसाचं बोलणं आहे यात. तू विचारलं होतंस मला. ऐक ना."

"नको. मी होतो ना तिथं."

"तुला ठाऊक होतं? एक ठेवायची असते ते?"

"होतं की. तूच शिकवलं होतंस."

"मग का काढलीस रे?"

"सगळ्या म्हणालीस. मला वाटलं, तुला काहीतरी जास्त ठाऊक असेल."

ताईला पुढचं विचारवेना, पण विचारल्याशिवाय राहवेना. "मग चौकशीत का नाही बोललास? तेव्हाच तोंड उघडलं असतंस तर..."

"आधी तुला विचारलं त्यांनी," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, तू सांगशील."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईनं त्याचे पाय धरले असते. तिनं डोळे पुसले आणि सगळं एका दमात सांगितलं: माझं चुकलं, मी भ्याले, नोकरीवर परत घेतायत तुला, पगार मागचा मिळणार नाही पण पुढचा मिळेल, घर आहे, तू चल. चार दिवस तरी चल. जेवून परत ये हवं तर.

धाकट्यानं पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"आई दर रविवारी फोन करायची मला," तो म्हणाला. "तू बाजारात गेलीस की. ठेवताना दर वेळी एकच सांगायची. 'बाळा, आता तरी लक्ष देऊन काम करत जा. कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो रे.' मी म्हणायचो, हो आई. चार वर्षं म्हणत होतो. दवाखान्यातून शेवटचा फोन केला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं, तरी तेच म्हणाली. मीही हो म्हटलं."

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. धाकट्यानं पत्र ताईच्या हातात परत ठेवलं.

"हे मी आता कुणाला दाखवू?" तो म्हणाला, कानामागची पेन्सिल काढली आणि खोकी मोजायला गेला.